घरी कोणी नाही

६ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेला, घराची उष्णता सांभाळणारा थर्मोस्टॅट मंगळवारी पोहोचला. खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता, त्यामुळे आत काहीतरी मोडलं असणार या धास्तीने मी ते लगेच उघडलंच नाही. शेवटी उघडलं. काही मोडलेलं नव्हतं. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत आणि बाबांबद्दल बाबांना ऐकू जाईल असं बोलणं मला जमत नाही. शिवाय फोनवर तू मध्येच हसतेस आणि मग माझं पुढचं राहून जातं. म्हणून पत्र.

काल सुट्टी होती, तेव्हा बसवला. आधी मेन स्विच बंद केला. बंद झाला आहे ना ते पाहायला परत गेलो. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा बाबा म्हणाले की आता त्या स्विचला वाटेल तू त्याला मागणी घालायला येतो आहेस. घरातल्या बोळातली, रेडिएटर कमीजास्त करायची जुनी गोल चकती काढली, तर तिच्याखाली भिंतीचा मूळचा रंग निघाला, आपण लहान असतानाचा. प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी बांधली, मग नवीन यंत्र त्याच जागी लावलं आणि सरळ बसलं का ते पाणसळ धरून पाहिलं. बाबा खुर्ची घेऊन बोळात बसले होते. ते म्हणाले की दुकानात गिऱ्हाइकाच्या चष्म्याला काच बसवतोस तसाच इथेही जीव काढतो आहेस, भिंतीला काय वाचायचं आहे का.

पुढचं सगळं तू तिथून फोनवर केलंसच. संध्याकाळपर्यंत खिडक्यांखालचे रेडिएटर तापले, आतल्या पाण्याची गुळगुळ ऐकू यायला लागली. समोरून कोणी गेलं की यंत्रावर मंद दिवा लागतो. माणसाची हालचाल त्याला कळते म्हणे. मी दोनदा उगाच समोरून गेलो.

बाबांनी मात्र त्याला हात लावला नाही. आता हे चालवणार कोण, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की ताईने तिकडून लावून दिलं आहे आणि तिला तिच्या फोनवर सगळं दिसतं. इतक्या लांबून, असं दोनदा विचारलं. मग म्हणाले की ठीक, आता ड्यूटी ताईची. आणि खुर्ची उचलून खोलीत गेले.

तुला माहीतच आहे, ही चकती त्यांची होती. धुलाई कारखान्याचा बॉयलर त्यांनी जन्मभर सांभाळला आणि घरात आल्यावर हा. आई उठायच्या आधी प्रत्येक रेडिएटरवर तळहात ठेवत ते घरभर फिरायचे. आई गेल्यावर सगळं विसकटलं. कधी भर दुपारी घराची भट्टी करायचे, कधी लावायचंच विसरायचे. गेल्या जानेवारीत असेच थंडीत बसून राहिले आणि छाती भरली. इस्पितळातून त्यांना घरी सोडून जाताना तू मला जिन्यात म्हणाली होतीस की पुन्हा असं झालं तर मी त्यांना माझ्याकडे नेणार, मग तू आडवा येऊ नकोस. मी येणार नाही. पण हे घर सोडून बाबा जगतील असं मला वाटत नाही. एवढा हिवाळा खोकल्याशिवाय निघावा, या यंत्राकडून मला दुसरं काही नको.

दिवसा त्यांना हेलपाटा नको म्हणून डबा आणि पाणी त्यांच्या खोलीतच ठेवून कामावर जातो. काळजी करू नकोस. म्हणजे कर, पण थोडी मलाही ठेव.

भावोजींना नमस्कार, भाचीला पापा. माझ्यावर जो जीव आहे तो असू दे, रागाचा वाटा तेवढा कमी कर.

तुझा,
टाचणी


२३ नोव्हेंबर

चि. टाचणीस,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. वायरींना चिठ्ठ्या बांधल्याचं ऐकून तुझे भावोजी म्हणाले की ह्याच्या लग्नात नवरीच्या गळ्यातही चिठ्ठी असेल, बाजू बरोबर आहे का ते तपासायला. रागावू नकोस. आमच्याकडे असा एक माणूस असता तर बाथरूमचा नळ तीन महिने टपकत बसला नसता.

आता खरी गोष्ट सांगते. पत्र मुद्दाम तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे, बाबांच्या हाती लागायला नको. फोनवर आपल्या घराचं छोटं चित्र दिसतं. घरात माणूस असला की खिडकी पिवळी, नसला की करडी, आणि खाली लिहून येतं, 'घरी कोणी नाही'. पहिले काही दिवस मी तास संपला की शिक्षकखोलीत जाऊन ते चित्र पाहायची. तू सकाळी निघालास की थोड्या वेळाने खिडकी करडी व्हायची आणि तू यायच्या वेळी पिवळी. मला वाटलं यंत्र बिघडलं. मग ध्यानात आलं. अरे, बाबा बाहेर पडतायत! रोज! आई गेल्यापासून दाराबाहेर पाऊल न टाकलेला माणूस दिवसभर घरात नसतो. बागेत बसत असतील, नाहीतर पोस्टमनकाकांकडे पत्ते कुटत असतील. मी तिथेच शिक्षकखोलीत रडले. भूगोलाच्या बाईंनी विचारलं कोण गेलं. मी म्हटलं कोणी नाही, आमचे वडील फिरायला गेले.

तू मला कसं सांगितलं नाहीस? का तुलाही चोरून जातात? तसं असेल तर विचारू नकोस. त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे, कौतुक केलं की दुसऱ्या दिवसापासून बंद. घर रिकामं असलं की यंत्र आपोआप उष्णता उतरवतं आणि माणूस आला की चढवतं, तसं मी लावलंच आहे, तेव्हा त्याचीही चिंता नको.

एक सांगू? त्यांना इकडे आणायचं माझ्या मनात सारखं घोळत होतं आणि सारखी धास्तीही वाटत होती. दोन खोल्या, भाचीचा अभ्यास, सासूबाईंचं येणंजाणं. आता तो विचार बाजूला ठेवते. हे लिहून हलकं वाटलं.

तू स्वतः गरम कपडे घाल. दुसऱ्याला पांघरूण घालणारा स्वतः उघडा राहतो, असा तू आहेस.

ओरडले तरी माया उणी नाही, हे ध्यानात ठेवणारी,
ताई


४ डिसेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. बाबा ठीक आहेत, हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मलाही फार आनंद झाला. मला काहीच माहीत नव्हतं. मी घरी येतो तेव्हा ते खोलीत खुर्चीवर असतात, निघतो तेव्हाही. मी ठरवलं की विचारायचं नाही. त्यांच्या बुटांना नवीन नाड्या तेवढ्या आणून घातल्या, बाहेर पाय घसरायला नको म्हणून. त्या नाड्यांची गाठ मी बांधली तशीच राहिली. बुटांवरची धूळही तशीच. मी मनाला सांगितलं की सपाता घालून जात असतील.

मग परवा रस्त्यात पोस्टमनकाका भेटले. त्यांनी विचारलं की तुझे वडील कसे आहेत रे, वहिनींच्या अंत्यविधीनंतर दर्शनच नाही, दार वाजवलं तर उघडतही नाहीत. काल डोकं दुखतं असं सांगून दुकानातून मधूनच निघालो.

घर गार होतं, ताई. बाहेरून आलेल्या मला ते गार लागलं. बाबा त्यांच्या खोलीत, त्याच खुर्चीवर, अंगात ओव्हरकोट, डोक्याला कानटोपी, गुडघ्यांवर आईची शाल. झोपलेले नव्हते. समोरच्या भिंतीकडे बघत होते. मला वाटलं आत्ताच बाहेरून आले. विचारलं, तर म्हणाले की मी कुठे जाणार. रोज असेच बसता का, असं विचारलं. म्हणाले, हो.

ते हलतच नाहीत. डबा खोलीत, पाणी खोलीत, बाथरूम खोलीला लागून. बोळात यायचं कारणच मी ठेवलेलं नाही. म्हणून ते यंत्र समजतं की घर रिकामं आहे. मी बोळातून आत आलो तेव्हा त्याचा दिवा लागला आणि खाली बॉयलर सुरू झाल्याचा आवाज आला. मी आल्याचं त्याला कळलं. बाबा असल्याचं कळलं नव्हतं.

मी जरा चढ्या आवाजात बोललो, ते तुला सांगायला हवं. म्हणालो की बोळात चार पावलं जाऊन बटण फिरवायला काय झालं होतं. ते शांतपणे म्हणाले की ड्यूटी ताईची आहे. कारखान्यात एकाने लावलेल्या व्हॉल्व्हला दुसऱ्याने हात लावायचा नसतो, मग कितीही गार होवो की गरम. ज्याची ड्यूटी त्याला काहीतरी दिसत असतं, म्हणून तो तसं करतो. मी म्हटलं, ताईला काय दिसत असणार? त्यावर ते म्हणाले की ताई रोज तू गेल्यावर घर गार करते. तिला मी तिकडे यायला हवा आहे. तोंडाने म्हणायला तिला अवघड जातं, म्हणून अशी सांगते. म्हणाले, मी समजलो आहे, तू तिला रागावू नकोस.

ताई, पलंगाखाली त्यांची बॅग भरून ठेवलेली आहे. कपडे, दाढीचं सामान, आईचा फोटो टॉवेलात गुंडाळून.

मी त्यांना सांगितलं की ताई काही करत नाही, ते यंत्र आपोआप करतं. ते नुसते हसले. तू बहिणीची बाजू घेणारच, असं म्हणाले. आता काय करायचं ते तू सांग. त्या यंत्राला हात लावायचं धाडस मला होत नाही. सुट्टी घेतली आहे आणि मुद्दाम बोळातून येरझारा घालतो आहे. बाबांना थोडा खोकला आहे. थोडाच आहे.

लिहिताना काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाल. तुझ्याशिवाय विचारायला मला कोणी नाही.

टाचणी


८ डिसेंबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं त्या क्षणी ते 'घर रिकामं' प्रकरण कायमचं बंद केलं. आता दिवसभर घर एकसारखं गरम राहील. डॉक्टरला बोलाव, खोकला थोडा की फार हे तू ठरवू नकोस.

मी त्यांना फोन केला होता, ते तू ऐकलंस. मी सगळं समजावून सांगितलं, म्हटलं की बाबा, मी एकदाही घर गार केलं नाही, शपथेवर सांगते. ते म्हणाले बरं. मग भाचीच्या परीक्षेची चौकशी केली आणि फोन तुझ्याकडे दिला. त्यांना पटलं का रे? मला त्यांच्या आवाजावरून कळलं नाही. पटलं असेल तर त्यांना बरं वाटायला हवं होतं.

मी इथे बागेची चित्रं रंगवत होते आणि ते तिथे कानटोपी घालून बसले होते. रोज. आणि मी भूगोलाच्या बाईंना सांगत होते. मला जास्त लिहवत नाही.

दोघांनी एकमेकांना धरून राहा.

ताई


१२ डिसेंबर

चि. सौ. ताईस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही, हे तुला ठाऊक आहे. घरातली पत्रं तुझी आई लिहायची आणि मी खाली सही करायचो. आज सहीच्या वरचंही मीच लिहितो आहे. डॉक्टर येऊन गेला. छाती साफ आहे, औषध दिलं आहे. तो विषय संपला.

तू फोनवर सांगितलंस ते मला पटलं. तू खोटं बोलणार नाहीस. यंत्र आपलं आपण करत होतं आणि तुला तिकडे वाटत होतं की मी फिरायला जातो. यात कोणाचीच चूक नाही, तेव्हा रडत बसू नकोस. धाकट्यालाही सांग, तो बोळात फिरून फिरून फरशी झिजवतो आहे.

पण मला बरं का वाटलं नाही, असं तू त्याला विचारलंस म्हणे. तर ऐक. सकाळी हा गेला की थोड्या वेळाने नळांतली गुळगुळ थांबायची. मग मला वाटायचं, ताई शाळेत पोहोचली, आणि पोहोचल्या पोहोचल्या तिला बाप आठवला. मग हळूहळू गार व्हायचं. मी कोट चढवायचो. मला त्या गारठ्याचा राग नाही आला. कारखान्यात दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस व्हॉल्व्ह फिरवून आपल्याला काय सांगतो आहे ते नुसत्या आवाजावरून कळायचं, तसं हे होतं. कोणीतरी तिकडे होतं. आता तुम्ही दोघांनी सांगितलंत की तिकडे कोणी नव्हतं. घर दिवसभर गरम आहे. मी कोट काढून ठेवला आहे आणि दिवस फार मोठा झाला आहे.

इथे मला कमी काही नाही. हा पोरगा माझ्याभोवती असा वावरतो की मी काचेचा आहे. डबा ठेवतो, पांघरूण घालतो, औषध मोजतो. बोलत मात्र नाही. मीही बोलत नाही. तुझी आई होती तेव्हा आमच्या दोघांचं बोलणं तिच्यातून व्हायचं, हे ती गेल्यावर कळलं.

तू बोलावलंस असं समजून मी बॅग भरली होती. तू बोलावलं नव्हतंस, तर आता ती रिकामी करावी की नको ते मला ठरवता येत नाही. तुझ्या दोन खोल्या मला माहीत आहेत. बोलवायचं असेल तर तसं स्वच्छ लिही. नसेल तर काही लिहू नकोस, मी समजेन आणि मनात काही ठेवणार नाही.

हे पत्र धाकट्याला वाचायला देतो आहे. त्याने शुद्धलेखन बघावं, आणि मजकूरही.

जावईबापूंना आशीर्वाद. नातीने डोळे सांभाळून अभ्यास करावा.

तुझा,
बाबा


२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

ताईने लिहिलं की तुम्ही तिचा टपकणारा नळ दुरुस्त केलात आणि भाचीला शाळेत सोडायला जाता. वाचून फार बरं वाटलं. रस्ता ओलांडताना तिचा हात धरा, म्हणजे तिने तुमचा धरावा.

इकडे सगळं ठीक आहे. बॉयलरवाला येऊन साफसफाई करून गेला. पोस्टमनकाका रविवारी येऊन बसतात, तुमच्या खुर्चीवर नाही, मी दुसरी ठेवली आहे. दुकानात काम भरपूर आहे. सध्या सगळ्यांचीच नजर अधू झाली आहे असं दिसतं.

तुम्ही ताईला लिहिलेलं पत्र मला वाचायला दिलं होतं. मी दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार दुरुस्त केला, पाकिटात घातलं आणि टाकून आलो. परत आल्यावर तुम्ही माझ्याकडे पाहत होतात. मी विचारलं की जेवायला वाढू का. तुम्ही हो म्हणालात. नंतर ताई घ्यायला आली, मी तुमची बॅग गाडीपर्यंत उचलून आणली, खिडकीची काच वर होते का ते तपासलं आणि तुम्हाला मफलर नीट गुंडाळायला सांगितलं. एवढंच बोललो. गाडी गेल्यावर मी तिथेच बराच वेळ उभा होतो.

ताईने तुम्हाला बोलावलं, कारण तुम्ही तिला तसं विचारलंत. मला तुम्ही काही विचारलं नाहीत आणि मीही काही म्हणालो नाही. मला वाटत होतं की मी रोज घरी येतो, तेवढ्यात सगळं येतं. येत नाही, हे तुम्ही लिहिल्यावर कळलं.

बाबा, मला इथे करमत नाही. घर गरम आहे आणि मला खायलाप्यायला नीट मिळतं, तशी तक्रार नाही. तुम्हाला तिकडे बरं वाटत असेल तर राहा, मी खरंच मनापासून म्हणतो. पण थंडी ओसरल्यावर यावंसं वाटलं तर मी बोलावतो आहे, हे माहीत असावं. मी काय बोलेन ते मला अजून माहीत नाही. सुरुवातीला दोघे गप्पच बसू. ते चालेल का, तेवढं कळवा.

उत्तर ताईकडून नको, तुमच्याच हातचं हवं. माझ्या मायेचा विसर पडू देऊ नका. ती होती, मला दाखवता आली नाही.

आपला,
धाकटा